गाइड निवडण्याआधी प्राध्यापकांची कारकीर्द वाचायची कशी: जंगल आणि हवामान

प्रवेशाचे दिवस आले की विद्यार्थ्यांचे मेल सुरू होतात. "मॅडम, जंगल आणि हवामान बदल यावर पीएचडी करायची आहे, या प्राध्यापकांकडे जाऊ का?" आणि खाली एक लिंक. लिंक उघडली की फोटो, पदव्या, पुरस्कार, आणि मग 'संशोधनाचे विषय: वने, हवामान बदल, शाश्वतता, दूरसंवेदन'. एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. या यादीत जन्मात झाडाला हात न लावलेला माणूसही बसतो आणि वर्षातला निम्मा वेळ जंगलात काढणाराही. दोघांचं काम उत्तम असू शकतं, पण तुमची पुढची चार-पाच वर्षं कशात जाणार हे दोघांकडे अगदी वेगळं असेल.

म्हणून मी एकच गोष्ट शोधायला सांगते: या माणसाने स्वतः काय मोजलंय? कशाने, केवढ्या जागेत आणि किती काळासाठी? मी स्वतः झाडांच्या वलयांवर काम करते, त्यामुळे पुढे वलयांना थोडं झुकतं माप मिळेल. ते धरूनच वाचा.

सुरुवात प्रबंधापासून

पेपरांची यादी आधी उघडू नका. आधी पीएचडीचा प्रबंध शोधा. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साइटवर बहुतेक वेळा मिळतो. सगळा मिळाला नाही तरी शीर्षक आणि सारांश पुरतो. माणूस पुढे कितीही विषय बदलो, पीएचडीत ज्या मोजमापावर हात बसतो ते मोजमाप सहसा सुटत नाही.

कोपेनचंच बघा. जगाचे हवामान विभाग पाडणारा व्लादिमिर कोपेन आपल्याला नकाशांमुळे माहीत असतो. पण त्याचा १८७० चा प्रबंध उष्णता आणि वनस्पतींची वाढ या विषयावर होता. मग त्याच्या वर्गीकरणात ध्रुवीय पट्टा कुठे सुरू होतो? सर्वांत उबदार महिन्याचं सरासरी तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जातं तिथे. कारण साधारण त्याच रेषेवर झाडं संपतात. हवामानाच्या नकाशाच्या सीमा त्याने झाडांना विचारून आखल्या, आणि त्याचं मूळ प्रबंधात सापडतं.

दुसरा ए. ई. डग्लस. हा खगोलशास्त्रज्ञ. सौरडागांच्या चक्राचा माग झाडांच्या वलयांत लागेल का, हे बघायला तो झाडांकडे वळला. सौरडागांचं फार काही हाती लागलं नाही, पण एका झाडाची वलयं दुसऱ्या झाडाशी जुळवून कालगणना करण्याची पद्धत त्याच्यामुळे उभी राहिली आणि १९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात वृक्षवलय संशोधनाची प्रयोगशाळा निघाली. म्हणून पदवी कोणत्या विषयातली आहे यावर अडून बसू नका. या विषयात येणारे लोक वनस्पतीशास्त्रातून येतात, भूगर्भशास्त्रातून येतात, भौतिकशास्त्रातूनही येतात. कुठून आले हे कळलं की ते कोणत्या गोष्टीला पुरावा मानतात, याचा अंदाज येतो. हे कळायला पदवीचं नाव पुरत नाही, प्रबंध लागतो.

कोण कोणत्या घराण्यातलं

गायकीत घराणं ओळखायला दोन ताना पुरतात, तसं इथे दोन पेपरांचा 'पद्धती' हा भाग पुरतो. ढोबळमानाने चार घराणी आहेत.

पहिले प्लॉटवाले. जंगलात एक तुकडा आखायचा, त्यातल्या प्रत्येक झाडाला नंबर लावायचा, घेर मोजायचा आणि काही वर्षांनी परत येऊन तेच करायचं. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ५० हेक्टरचा असा प्लॉट आखला गेला. एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेलं प्रत्येक खोड त्यात नोंदवलेलं आहे, आणि साधारण दर पाच वर्षांनी फेरमोजणी होते. अशा माणसाकडे गेलात तर तुमची पीएचडी ही एका लांबलचक मोजणीतली एक फेरी असेल. डेटा जुना आणि घट्ट मिळेल, पण प्रश्न स्वतःचा निवडायला जागा कमी.

दुसरे टॉवरवाले. जंगलाच्या माथ्यावर उंच मनोरा, त्यावर वाऱ्याचा वेग आणि कार्बन डायऑक्साइड सेकंदाला दहा-वीस वेळा टिपणारी उपकरणं. त्यातून दर अर्ध्या तासाला जंगलाने किती वायू घेतला आणि किती सोडला याचा हिशेब. इथे गणित आणि प्रोग्रॅमिंग पक्कं लागतं. यांना विचारायचा प्रश्न एकच: वारा पडलेल्या रात्रींचं काय करता? हवा स्थिर असली की झाडांनी सोडलेला वायू पानांच्या छताखालीच साचतो आणि वरच्या उपकरणाला दिसत नाही. त्या नोंदी कशा गाळल्या आणि रिकाम्या जागा कशा भरल्या, हे ज्याने दोन-चार वाक्यांत स्पष्ट लिहिलंय तो माणूस कामाचा.

तिसरे उपग्रहवाले. सध्या सर्वांत मोठं घराणं हेच, आणि त्याला कारण आहे. लँडसॅट मालिकेचा पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला, पण त्याचा साठा सगळ्यांना फुकट खुला झाला तो २००८ मध्ये. त्यानंतर जंगल न बघता जंगलावर पेपर लिहिणं शक्य झालं. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. पूर्ण खंडाचं जंगल पायी फिरून मोजता येत नाही, तिथे उपग्रहच हवा. पण लँडसॅटचा एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटरचा असतो. त्या ठिपक्यात नैसर्गिक जंगल आहे की रबराची लागवड, हे वरून बघून बरेचदा कळत नाही. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या व्याख्येप्रमाणे अर्ध्या हेक्टरहून मोठी जागा, पाच मीटरहून उंच झाडं आणि १० टक्क्यांहून जास्त छत्र असलं की ते जंगल. त्यात रबराची लागवड मोडते, तेलताडाची मोडत नाही. म्हणून उपग्रहवाल्यांच्या पेपरात दोन गोष्टी बघा: जंगल कशाला म्हटलंय, आणि जमिनीवर जाऊन किती ठिकाणी पडताळणी केलीय. दुसऱ्याचं उत्तर 'गूगलच्या नकाशावर पाहून' असं असेल तर तेवढं मनात नोंदवून ठेवा.

चौथे आम्ही वलयवाले.

वलयांचं काम जवळून

हा भाग लांबवणार आहे. एका घराण्याचं काम तपशिलात कळलं की बाकीच्यांचे पेपर वाचताना कुठे बोट ठेवायचं हे आपोआप कळतं.

झाड तोडावं लागत नाही. आटे असलेली पोलादी पोकळ नळी हाताने फिरवत खोडात घालायची आणि आतून पेन्सिलीपेक्षा बारीक, साधारण पाच मिलिमीटर जाडीची लाकडी कांडी काढायची. उतारावरच्या झाडाला नळी उताराच्या दिशेने कधी लावायची नाही, आडवी लावायची. तिरक्या जमिनीवर उभं राहताना झाड स्वतःला सावरतं. सूचिपर्णी झाडं खालच्या अंगाला जादा लाकूड धरतात, रुंदपर्णी झाडं बहुधा वरच्या अंगाला. तिथली कांडी घेतली तर वलयांची रुंदी हवामानाबद्दल कमी आणि उताराबद्दल जास्त सांगते. पेपरमध्ये 'समोच्च रेषेला समांतर', म्हणजे उताराला आडव्या दिशेने, 'नमुने घेतले' अशी छोटी ओळ दिसली की समजा, लिहिणारा स्वतः तिथे उभा होता.

मग कांडी लाकडाच्या खाचेत डिंकाने बसवायची, तंतू उभे राहतील अशी. ती उलटी बसली तर वलयं दिसतच नाहीत. त्यानंतर खरखरीतपासून बारीकपर्यंत एकामागून एक सँडपेपर, इतका की भिंगाखाली पेशी सुट्या दिसाव्यात. वाढीच्या मोसमाच्या सुरुवातीच्या पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या आणि फिकट. अखेरीच्या लहान, जाड भिंतींच्या आणि गडद. गडद पट्टी संपून एकदम फिकट सुरू होते ती वर्षाची सीमा.

आता खरी गोम. वलयं नुसती मोजून वर्षं ठरत नाहीत. फार वाईट वर्षी झाड खोडाच्या काही भागात वलय धरतच नाही. मोसमाच्या मध्येच पाण्याचा ताण येऊन पुन्हा पाऊस झाला तर एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून एका झाडाच्या दोन कांड्या, आणि एका जागेची वीसेक झाडं घेऊन सगळ्यांतली अरुंद वलयं एकमेकांशी जुळवावी लागतात. याला क्रॉसडेटिंग म्हणतात. एका कांडीत एक वलय गहाळ असेल तर तिथून मागची सगळी वर्षं एकाने सरकतात आणि जुळणी मोडते. कोफेचा (COFECHA) नावाचा जुना प्रोग्रॅम नेमकी अशी मोडलेली जागा दाखवतो, पण निर्णय भिंगाखालीच घ्यावा लागतो. पेपरमध्ये 'वलयांची मोजणी केली' एवढंच असेल आणि क्रॉसडेटिंगचा उल्लेख नसेल, तर त्या पेपरातल्या सालांवर मी विश्वास ठेवत नाही. मोठ्या जर्नलमध्ये आला असला तरी नाही.

उष्ण प्रदेशातल्या झाडांना वार्षिक वलयं नसतात असं बरीच वर्षं समजलं जायचं. बेर्लाखे या डच हवामानशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये जावा बेटावरच्या सागाच्या वलयांची मालिका छापली होती, तरीही. कोरडा ऋतू ठळक असेल तर साग वर्षाला एक वलय धरतो. उष्ण प्रदेशात वलयांवर काम करू पाहणाऱ्याने मार्गदर्शकाला पहिलं हेच विचारावं, की तुमची जात वर्षाला एकच वलय धरते हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

आणखी एक सोय सांगते. १९७४ पासून आंतरराष्ट्रीय वृक्षवलय डेटा बँक चालू आहे. जगभरच्या संशोधकांनी दिलेली मोजमापं तिथून कोणीही उतरवून घेऊ शकतं, आणि प्रत्येक मालिकेपुढे देणाऱ्याचं नाव असतं. तुमच्या प्राध्यापकांचं नाव तिथे शोधा. टॉवरवाल्यांसाठी फ्लक्सनेट आहे, प्लॉटवाल्यांचीही स्वतःची जाळी आहेत. डेटा उघडा ठेवणारा माणूस बहुधा विद्यार्थ्यालाही डेटा लपवायला शिकवत नाही.

कार्बनचे आकडे आले की पेन हातात घ्या

जंगल आणि हवामान म्हटलं की आज निम्मे पेपर कार्बनवर असतात. तिथे एक छोटं गणित स्वतः करून बघा. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी २०१४ मध्ये आलेलं, खूप वापरलं जाणारं एक सूत्र आहे: लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करायचा, त्याचा ०.९७६ वा घात घ्यायचा आणि ०.०६७३ ने गुणायचं. झाडाचं जमिनीवरचं कोरडं वजन किलोत मिळतं. व्यास ४० सेंटिमीटर, उंची २५ मीटर, घनता घन सेंटिमीटरला ०.६ ग्रॅम धरा. वजन येतं सुमारे १,२७० किलो. त्यातला कार्बन ०.४७ ने गुणून सुमारे ६०० किलो, आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजायचा तर ४४ भागिले १२ ने गुणून सुमारे २,१९० किलो.

आता व्यास दोन सेंटिमीटरने चुकून ४२ नोंदला गेला असं धरा. वजन १,३९५ किलोच्या आसपास जातं, म्हणजे दहा टक्के वाढ, आणि तीही झाड तसूभर न वाढता. घनता ०.६ ऐवजी ०.५ धरली तर तेच झाड १,०६० किलोवर येतं. व्यास छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३ मीटरवर मोजतात, पण खोडाला फळ्यांसारखी आधारमुळं असतील तर त्यांच्या वर मोजावं लागतं. ती उंची नोंदवून ठेवली नाही तर पुढच्या फेरीत दुसरा कोणी भलत्याच ठिकाणी टेप लावतो आणि जंगल 'वाढलं' किंवा 'घटलं' असं निघतं. म्हणून पेपरमध्ये घनता कुठून घेतली, उंची मोजली की अंदाजली आणि चुकीची मर्यादा किती दिली, हे बघा. आकडा दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत आणि चुकीची मर्यादा कुठेच नाही, असं दिसलं तर सावध व्हा.

'हवामान' नावात आहे, कामात आहे का?

जागतिक हवामान संघटना हवामानाची सरासरी ३० वर्षांवर काढते. दोन पावसाळ्यांच्या नोंदी घेऊन केलेलं काम चांगलं असू शकतं, पण ते त्या दोन वर्षांच्या पावसाबद्दलचं काम आहे.

मग ती नोंद कुठली? हवामान केंद्र बहुतेक वेळा खाली, मोकळ्या जागेत असतं आणि जंगल वर डोंगरात. उंचीनुसार तापमान किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे केंद्रापेक्षा ६०० मीटर वर असलेलं जंगल साधारण चार अंशांनी थंड. त्यात छताखालची हवा आणखी निराळी. २०१९ च्या एका जागतिक अभ्यासात जंगलाच्या आतलं कमाल तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी चार अंशांनी कमी निघालं. जाळीचे, म्हणजे नकाशावरच्या प्रत्येक चौकोनाला एक आकडा देणारे, तयार डेटासेट वापरले असतील तर चौकोन केवढा हे बघा. अर्ध्या अंशाचा चौकोन विषुववृत्तावर ५५ किलोमीटर रुंद असतो, त्यात दरी आणि शिखर दोन्ही एकाच आकड्यात बसतात. ज्यांच्या पेपरात छताखाली स्वतः लावलेल्या नोंदयंत्रांचा उल्लेख आहे, त्यांच्या हवामानाला मी जास्त वजन देते.

पेपरांची यादी, पटकन

एच-इंडेक्स, म्हणजे किती पेपरांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला यावरून काढलेला आकडा, २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तो वयाबरोबर वाढतो आणि उपशाखेप्रमाणे बदलतो, म्हणून त्यावरून दोन माणसांची तुलना करू नका. ऑर्किडचा (ORCID, संशोधकांची ओळख नोंदवणारी यंत्रणा) सोळा अंकी क्रमांक असेल तर यादी तिथून घ्या. एकाच नावाच्या दोन माणसांची सरमिसळ टळते. क्षेत्रकाम करणाऱ्यांच्या यादीत मध्येच दोन-तीन वर्षं रिकामी दिसली तर घाबरू नका, प्लॉटची फेरी चालू असेल. उलट दर महिन्याला एक पेपर, पंधरा सहलेखक आणि नाव नेहमी मधोमध, असं असेल तर तो माणूस जाळं सांभाळतो. शिकवायला वेळ किती उरतो, ते विचारा.

या विषयात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं बहुधा गटप्रमुखाचं असतं. प्राध्यापकांचं नाव शेवटी आहे अशा पेपरांत पहिलं नाव कोणाचं, हे बघत जा. वेगवेगळे विद्यार्थी पहिले असतील तर उत्तम. वर्षानुवर्षं सगळीकडे प्राध्यापकच पहिले असतील तर त्यांचे विद्यार्थी काय करत होते?

आणि आभाराचा परिच्छेद सोडू नका. माझ्या मते अख्ख्या पेपरातला तोच सर्वांत प्रामाणिक भाग. वाट दाखवणारे, ओझी वाहणारे, परवानगी देणारे वनरक्षक, प्रयोगशाळेत कांड्या घासणारे विद्यार्थी यांची नावं तिथे असतात. नसली तर तेही कळतं. तिथेच निधी कुठून आला आणि प्रकल्प कधीचा, हेही मिळतं. प्रकल्प संपत आला असेल तर तुमच्या क्षेत्रकामाचा खर्च कोण करणार, हे आधीच स्पष्ट करून घ्या.

मेल आणि त्यानंतर

पहिला मेल छोटा लिहा. 'आपल्या थोर कार्याने प्रभावित होऊन' वगैरे नको. एका पेपराचं नाव, त्यातल्या पद्धतीबद्दल एक खरा प्रश्न आणि तुम्हाला आजवर काय मोजता येतं याची एक ओळ. प्रश्न कसा असावा? उदाहरणार्थ, उत्तरेकडच्या काही जंगलांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापमान वाढलं, पण वलयं त्या प्रमाणात रुंदावली नाहीत. तुमच्या मालिकेत तसं दिसतं का, आणि दिसत असेल तर जुन्या तापमानाचा अंदाज बांधताना तुम्ही ती वर्षं कशी हाताळता? असा प्रश्न वाचून मी तरी जागची उठून जुनी फाइल काढेन.

उत्तर आलं तरी लगेच हो म्हणू नका. त्यांच्या दोन माजी विद्यार्थ्यांशी फोनवर बोला, मेलवर नको. लेखी कोणी खरं लिहीत नाही. एक पीएचडी पूर्ण केलेला असू दे आणि जमल्यास एक अर्धवट सोडलेला. "सर कसे आहेत?" असं विचारलंत तर "चांगले आहेत" एवढंच मिळेल. त्यापेक्षा विचारा: पहिल्यांदा जंगलात गेलात तेव्हा ते बरोबर आले होते का? प्रबंधाच्या प्रकरणाचा मसुदा दिल्यावर किती दिवसांनी परत यायचा? डेटा आता कोणाकडे आहे, आणि त्यावर तुम्हाला आजही पेपर लिहिता येतो का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर घाई न करता त्याला बोलू द्या.